आचार्य दिङ्नाग : वादाची शिस्त



इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकांत होऊन गेलेले आचार्य दिङ्नाग हे, परंपरेनुसार, कांचीच्या परिसरातले. ‘प्रमाणसमुच्चय’ या ग्रंथात त्यांनी प्रत्यक्ष व अनुमान ही दोनच प्रमाणे मानली. शब्दाला स्वतंत्र प्रमाण न मानता त्यांनी त्याचा अंतर्भाव अनुमानात केला.

अनुमानासाठी त्यांनी हेतूच्या तीन कसोट्या ठरविल्या. पर्वतावर धूर आहे, म्हणून तेथे अग्नी आहे, असे म्हणायचे तर धूर त्या पर्वतावर असावा. स्वयंपाकघरासारख्या अग्नियुक्त स्थळी तो आढळावा. आणि जलाशयासारख्या अग्निरहित स्थळी मुळीच आढळू नये. तिसरी कसोटी सर्वांत कठीण, कारण तेथे स्वतःच्या मताविरुद्धचा पुरावा स्वतःच शोधावा लागतो.

नैयायिक उद्योतकरांनी दिङ्नागांचे खंडन केले, धर्मकीर्तींनी उत्तर दिले; या वादातूनच उभय परंपरा प्रगल्भ झाल्या.

पुढे मूळ संस्कृत ग्रंथ लुप्त झाला. तो उरला तिबेटी अनुवादांत आणि प्रतिपक्षाने खंडनासाठी दिलेल्या अवतरणांत. २००५ साली जिनेंद्रबुद्धींच्या संस्कृत टीकेचा पहिला अध्याय प्रसिद्ध झाला आणि मूळ शब्दांचा मागोवा सुकर झाला.

विरोधकाचे म्हणणे प्रामाणिकपणे नोंदवून मगच त्याचे खंडन करावे, ही आपल्या पूर्वसूरींची शिस्त. ती अंगी बाणवणे, हेच दिङ्नागांचे खरे स्मरण.