आपत्ती ही देवाची शिक्षा काय?



आजचा विषय आम्हांला एका म्हातारीने दिला. १९९३ सालच्या ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गावे दमून झोपली होती. लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार माणसे गेली. चार दिवसांनी आम्ही काही मंडळी धान्य व घोंगड्या घेऊन तिकडे गेलो. एका ढिगाऱ्याजवळ ती बाई बसली होती. तिने आम्हांला विचारले, "दादा, काय पाप केलं होतं ओ आम्ही? कालच तर देव बोळवला होता." तिच्या लेखी तो कालच होता. आम्ही घाईने म्हणालो, "देवाची इच्छा, आजी." ती म्हणाली, "नातू पाच वर्सांचा हुता." आम्ही घोंगडी ठेवली आणि पुढे गेलो. त्या उत्तराची लाज आम्हांला अजून वाटते.

हा प्रश्न अडाणी माणसाचा आहे असे समजून कोणी हसू नये. देशातल्या दोन थोर पुरुषांचा ह्याच प्रश्नावर उघड मतभेद झाला होता. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार आणि नेपाळ भूकंपाने उद्ध्वस्त झाले. मुंगेर, मुजफ्फरपूर ही शहरे कोसळली. जमीन फाटून वाळू वर आली आणि शेते झाकली गेली. दोन्हीकडची मिळून दहा हजारांवर माणसे मेली. गांधीजी तेव्हा तामिळ प्रांतात हरिजन-दौऱ्यावर होते. हा भूकंप अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेले शासन आहे, असे त्यांनी तेथे सांगितले. रवींद्रनाथांना ते वाचून धक्का बसला. लक्षात घ्या, हे गांधीजींचे विरोधक नव्हते. सव्वा वर्षापूर्वीच, १९३२ च्या सप्टेंबरात, येरवड्याच्या तुरुंगात उपवास सुटला तेव्हा ते महात्माजींजवळ हजर होते. अस्पृश्यतेबद्दल दोघांत तीळभर अंतर नव्हते. तरीही त्यांनी निषेधाचे पत्रक लिहिले, आणि गांधीजींनी ते आपल्या 'हरिजन' पत्रात उत्तरासह छापले. (आपल्यावरची टीका आपल्याच पत्रात छापणारे संपादक आज किती सापडतील?)

रवींद्रनाथांचे म्हणणे असे की, भौतिक उत्पाताला कारणेही भौतिकच असतात. शिवाय अशा तर्काचे शस्त्र कोणाच्याही हाती लागते. हा भूकंप गांधींच्या चळवळीचेच फळ आहे, असे सनातन्यांना तितक्याच सहज म्हणता येईल. गांधीजींचे उत्तर श्रद्धेचे होते. आपली समजूत पुराव्याने सिद्ध करता येणार नाही हे त्यांनी कबूल केले. पण ती चुकीची ठरली तरी आत्मशुद्धीला तिने चालनाच मिळेल, असे त्यांचे म्हणणे. हेतू उघडच निर्मळ होता. पण आम्हांला विचाराल तर येथे आम्ही कवीच्या बाजूचे. अस्पृश्यतेचे पाप करणारे आणि ते सोसणारे एकाच ढिगाऱ्याखाली गेले. मुंगेरच्या ज्या अस्पृश्याची झोपडी भुईत गेली, त्याला ही शिक्षा कोणत्या पापाची म्हणून सांगायची? आत्मशुद्धी वाचलेल्यांची, आणि तिची किंमत मेलेल्यांनी द्यायची, हा हिशेब आम्हांला जुळवता येत नाही.

किल्लारीकडे पाहा. दीड-दोन हात जाडीच्या भिंती, दगड मातीत बसवलेले, वर लाकडी तुळया आणि त्यांच्यावर हातभर मातीचे माळवद. उन्हाळ्यात असे घर गार राहते. बापजाद्यांनी शहाणपणाने बांधलेले घर ते! पण धक्का बसताच भिंतीचे आतले व बाहेरचे पदर सुटे झाले आणि माळवद खाली आले. ज्यांना दगडी घर परवडत नव्हते, त्यांच्या कुडाच्या व पत्र्याच्या खोपट्यांतली माणसे पुष्कळ ठिकाणी वाचली. मग देवाने पाप मोजले की छपराचे वजन?

उलट बाजूची चूकही आपण करू नये. देवाची शिक्षा नव्हे, तर तुमच्या भिंतीची चूक, असे त्या म्हातारीला सांगणे म्हणजे पुन्हा तिलाच पिंजऱ्यात उभे करणे. सरकारी नकाशात तो भाग भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेल्या पट्ट्यात दाखवलेला होता. १९९२ सालीच तेथे लहान धक्के बसू लागले होते. ऑक्टोबरातला एक तर चांगलाच जाणवला होता. लोक घाबरले होते. तेव्हा गावोगाव जाऊन, माळवदाची माती उतरवा, भिंतींना बांध घाला, असे सांगणे कोणाचे काम होते? हा प्रश्न कडू आहे, आणि तो देवाला विचारून सुटत नाही. दैवाचे नाव घेतले की तो विचारण्याची गरजच उरत नाही; आम्हीही त्या दिवशी तेच केले.

वर्षा-दीड वर्षाने आम्ही पुन्हा त्या बाजूला गेलो. आजी भेटल्या. नवे घर उठत होते. या खेपेला आम्ही एवढेच म्हणालो, "आजी, पाप-बीप काही नव्हतं. त्या दिवशी आम्ही चुकीचं बोललो." त्यांनी मान हलवली, पटले की नाही, कळले नाही. मग गवंड्याकडे वळून त्या म्हणाल्या, "भितीतून आरपार जानारा दगड घातलास का रं? दाव मला." गवंड्याने थापी खाली ठेवली आणि आजींना भिंतीच्या दोन्ही बाजूंनी तो दगड दाखवला.