सायकलीवरचा साधा प्रश्न



परदेशी शिक्षणासाठी आपल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. परंतु पुष्कळ विद्यापीठे अगोदर इंग्रजीची परीक्षा मागतात. आयईएलटीएसची तोंडी परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते. पहिली चार-पाच मिनिटे घर, गाव, सायकल अशाच विषयांची.

"डू यू राइड अ बायसिकल?" एवढाच प्रश्न! आपली मुले "येस सर" म्हणून गप्प होतात. वास्तविक दारव्हा-पुसदकडच्या खेड्यातील जिला मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळाली, त्या मुलीजवळ सांगण्यासारखे किती आहे! "येस, आय डू. आय यूज्ड टू राइड टु स्कूल, बिकॉज देअर वॉज नो बस इन द मॉर्निंग." होकार, सवय, कारण. झाले उत्तर.

आपण सायकल 'चालवतो', म्हणून 'ड्राइव्ह' तोंडात येते; तिथे 'राइड' हवे. चेन पडली तर 'द चेन केम ऑफ', 'फेल डाउन' नव्हे.

गुण ओघ, शब्द, व्याकरण व उच्चार यांना आहेत. सायकल किती रुपयांची, याला नाहीत. बोलण्यात वऱ्हाडी हेल आला तरी शब्द समजला पाहिजे, बस्स. गाइडातले पाठ केलेले उत्तर मात्र परीक्षकाला लगेच कळते. सायकल येतच नसेल तर खुशाल "नो, आय नेव्हर लर्न्ट" म्हणा आणि का, ते सांगा.

रविवारी विहारात दोघादोघांनी बसून हेच प्रश्न एकमेकांना विचारा. बँकेला सुटी असते, मीही येईन.