चप्पल घालून हात लाव



नागपूरला आमच्या घरी उन्हाळ्यात खिडकीला लोखंडी पत्र्याचा कूलर लागायचा. त्यात पाणी भरायला निघालो की आई आतून ओरडायची, "चप्पल घाल रे आधी!" अनवाणी हात लागला की कोपरापर्यंत झिणझिण्या जायच्या. पंखा मात्र छान फिरायचा, त्यामुळे मिस्त्रीला कुणी बोलावत नसे. कूलरचा शॉक लागून तिकडे आजही माणसं दगावतात.

इथे ऑकलंडला मी इलेक्ट्रिशियन आहे. गेल्या डिसेंबरात ओळखीच्या एका मराठी घरून फोन आला. अमेरिकेतून आयात झालेली जुनी कॅरॅव्हॅन त्यांनी विकत घेतली होती. सुट्टीत टाउपोला जायचं म्हणून ती अंगणात उभी करून, गराजमधल्या जुन्या सॉकेटवरून वीज देऊन ठेवली होती. दिवे लागत होते, फ्रिज थंड होत होता. पण त्यांची सहा वर्षांची मुलगी म्हणत होती, "दार चावतं."

मी गेलो तेव्हा गवत ओलं होतं. दाराच्या कडीला टेस्टर लावला, तर तो पेटला. मुलगी पायरीजवळ अनवाणी उभी होती. मी आधी गराजमधला प्लग उपटला.

न्यूझीलंडमध्ये वीज भारतासारखीच, 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्‌झ. अमेरिकेत घरगुती सॉकेटला 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्‌झ. तिकडचा 1500 वॅटचा हीटर इथे थेट लावला तर तो जवळजवळ 24 अँपिअर ओढतो आणि साडेपाच हजार वॅटने तापतो. हे आपल्या लोकांना माहीत असतं, अमेरिकेहून आलेले मिक्सर आपण जाळलेले असतात. म्हणून मधे ट्रान्सफॉर्मर बसवतात आणि प्रश्न सुटला असं समजतात. या कॅरॅव्हॅनमध्येही पलंगाखाली एक होता. त्याने व्होल्टेज उतरतं, हर्ट्‌झ बदलत नाहीत. पण खरा धोका त्याहून वेगळा आहे.

मी बाहेरचा निळा प्लग उघडला. अमेरिकेत काळी वायर म्हणजे फेज आणि पांढरी न्यूट्रल. आपल्याकडे आणि इथल्या जुन्या घरांत काळी म्हणजे न्यूट्रल. कुणीतरी हाताच्या सवयीने काळी न्यूट्रलला जोडली होती आणि पांढरी फेजला. तिसरी, हिरवी अर्थिंगची वायर, दुमडून टेपने गुंडाळून ठेवलेली होती.

आता आत काय होत होतं ते सांगतो. तो ट्रान्सफॉर्मर साध्या एकाच गुंडाळीचा होता, त्याची एक तार दोन्हीकडे सामाईक. वायरी उलट्या पडल्यामुळे गाडीतली 'न्यूट्रल'च जमिनीच्या हिशेबाने 230 व्होल्टवर होती. तिथले अमेरिकन ब्रेकर फक्त काळी वायर तोडतात. म्हणजे ब्रेकर खाली पाडून, वीज बंद आहे असं समजून कुणी हात घातला असता, तरी पांढरीत पूर्ण दाब शिल्लक होता. इथल्या नियमात अशा गाड्यांना फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारे ब्रेकर लागतात, ते याचसाठी. फ्रिजच्या हीटरमधून थोडी गळती होती. ती अर्थिंगमधून निघून जायला हवी होती. वायरच जोडलेली नव्हती, खाली रबरी टायर. करंट ॲल्युमिनियमच्या अंगावर थांबून राहिला होता, कुणी जमिनीवर उभं राहून हात लावेपर्यंत.

आणि या सगळ्यात दिवे नीट लागत होते. दिव्याला दोन टोकांमध्ये 120 व्होल्ट मिळाले की पुरतं, अर्थिंग आहे की नाही याचं त्याला काही नाही. त्या वडिलांना हेच पटत नव्हतं. "अहो, सगळं चालतंय ना!" ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. विकणाऱ्यानेही त्यांना सगळं चालवूनच दाखवलं होतं.

रस्त्यावर चालायचं वॉरंट त्यांच्याकडे होतं. विजेचं वॉरंट वेगळं असतं, ते नव्हतं. ते जास्तीत जास्त चार वर्षं चालतं, आणि वायरिंगमध्ये फेरफार केला तर त्याआधीच संपतं. ते देणारा माणूस अर्थिंग मीटरने मोजतो, फेज-न्यूट्रल तपासतो, आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीडी, म्हणजे भारतातला आरसीसीबी, खरंच पडतो का हे बटण दाबून नाही, तर उपकरणाने पाहतो. खर्च होतो, हे खरं. जुनी अमेरिकन गाडी असेल तर बरंचसं वायरिंग नव्यानं करावं लागतं. गाडी पसंत करतानाच तो खर्च किमतीत धरा, आणि वॉरंट हातात येईपर्यंत प्लग लावू नका.

त्यांची टाउपोची सहल त्या वर्षी झाली नाही. फेब्रुवारीत काम पूर्ण झालं. शेवटची चाचणी झाल्यावर मी स्वतः बूट काढले, ओल्या गवतावर उभा राहिलो आणि दाराची कडी धरली. मग मुलीला बोलावलं. ती आली, पण आधी आईकडे बघून चपला घालून आली.