नव्वद मीटरची वाट

उभ्या पिकावरची पाखरे गोफणीने उडवणाऱ्या माणसाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. दगड लांब जातो तो नुसत्या दंडाच्या ताकदीने नव्हे. पाय रोवला जातो, कंबर वळते, आणि सगळा वेग शेवटी गोफणीच्या टोकाशी पोहोचतो. भालाफेकीचे शास्त्र याहून फार वेगळे नाही. आपल्या भोर-वेल्ह्याच्या मुलखाला, म्हणजे जुन्या हिरडस आणि गुंजण मावळाला, भाला तसा परका नाहीच. पण मैदानावरचा भाला आठशे ग्रॅमचा असतो, लांबी अडीच मीटरहून थोडी जास्त, आणि जमिनीला त्याचे टोकच आधी लागावे लागते.

हा भाला भारतात घराघरांत पोहोचवला तो नीरज चोप्राने. पानिपत जिल्ह्यातल्या खांद्रा गावच्या शेतकरी कुटुंबातला हा मुलगा. लहानपणी अंगाने जाड होता, म्हणून घरच्यांनी व्यायामाला शहरात पाठवले. तिथल्या मैदानाचे नाव शिवाजी स्टेडियम, हे ऐकून आपल्याला बरे वाटते. पुढे तो सेनेत राजपुताना रायफल्समध्ये दाखल झाला. पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्‌स इन्स्टिट्यूटमधल्या स्टेडियमला ऑगस्ट २०२१ मध्ये त्याचेच नाव दिले गेले. भोरहून सकाळच्या एसटीने निघालेला मुलगा शाळा भरायच्या वेळेला तिथे पोहोचेल, इतके ते जवळ आहे.

त्याचा पहिला मोठा विक्रम जुलै २०१६ मधला. पोलंडमधल्या बिडगोश्च शहरात, वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेत, त्याने ८६.४८ मीटर भाला फेकला. आधीचा कुमार विश्वविक्रम ८४.६९ मीटरचा होता. गंमत अशी, की रिओ ऑलिंपिकसाठी ८३ मीटर पुरेसे होते, पण पात्रतेची मुदत काही दिवस आधीच संपली होती. विश्वविक्रमवीर घरी बसला!

नंतर २०१८ मध्ये राष्ट्रकुल आणि आशियाई स्पर्धांची सुवर्णपदके आली आणि २०१९ च्या मे महिन्यात उजव्या कोपरावर मुंबईत शस्त्रक्रिया करावी लागली. ते वर्ष जवळजवळ वाया गेले. या कोपराकडे मी परत येणार आहे. ७ ऑगस्ट २०२१ ला टोकियोत ८७.५८ मीटर आणि ऑलिंपिक सुवर्ण, २०२३ मध्ये बुडापेस्टला ८८.१७ मीटर आणि जागतिक विजेतेपद, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

पण आकड्यांकडे जरा नीट पाहा. नीरजच्या सर्वांत लांब चार फेकी अशा: ९०.२३, ८९.९४, ८९.४९ आणि ८९.४५ मीटर. या चारही वेळा तो दुसरा आला. पॅरिसला २०२४ मध्ये सहापैकी पाच फेकी बाद झाल्या. जी एक धरली गेली, ती टोकियोच्या सुवर्णफेकीपेक्षा जवळजवळ दोन मीटर लांब होती. पण अर्शद नदीमने ९२.९७ मीटर फेकले होते. दोह्याला मे २०२५ मध्ये अखेर नव्वदी ओलांडली, तर जर्मनीच्या वेबरने अखेरच्या फेकीत ९१.०६ गाठले. ज्या दिवशी त्याने सर्वांत लांब फेकले त्या दिवशी दुसराच जिंकला, आणि ज्या दिवशी ऑलिंपिक आणि जागतिक सुवर्ण जिंकले त्या दिवशी फेक त्याहून आखूड होती. मला त्याची खरी थोरवी यातच वाटते, की ऑगस्ट २०२१ पासून चार वर्षे तो पहिल्या दोघांतून बाहेर गेला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच टोकियोच्या मैदानावर, पाठ दुखत असताना, तो आठवा आला. त्या दिवशी आपला सचिन यादव ८६.२७ मीटर फेकून चौथा आला, ही बातमी मात्र थोडी झाकली गेली.

आता कोपराकडे. धावत येऊन उजव्या हाताने फेकणारा शेवटी डावा पाय ताठ रोवतो. धाव तिथे थांबते आणि वेग अंगातून चढत भाल्यात जातो. हा पाय घसरला, तर राहिलेले काम एकट्या हाताला करावे लागते आणि भार पडतो खांद्यावर, कोपरावर. नीरजला उत्तम पट्टी, डॉक्टर, प्रशिक्षक मिळूनही कोपर गेले.

आपल्याकडे शालेय स्पर्धांचे दिवस पावसाळ्यात येतात. वेल्ह्याचा पाऊस मी सांगायला नको. फक्कीच्या रेघा तासाभरात वाहून जातात, मुले चिखलात अनवाणी धावतात, डावा पाय घसरतो, आणि बाहेरून आपण ओरडतो, ‘जोर लाव!’ तो जोर कुठे जातो ते आता कळले असेल. क्रीडाशिक्षकांना माझे एवढेच सांगणे, की भाल्याचा सराव दिवाळीनंतर, जमीन वाळल्यावर सुरू करा. आधी चेंडू, मग हलका बांबू, सुरुवातीला तीन पावलांवरूनच. पूर्ण धाव मागाहून. आणि पावसात स्पर्धा घ्यावीच लागली, तर डावा पाय पडतो तेवढ्या दोन-तीन हात जागेवर मुरूम टाकून घ्या. त्याला एक घमेले पुरते.