बेघर मुलांची शाळा



मुलाचे नाव शाळेत दाखल करताना पहिली चौकशी होते ती त्याच्या पत्त्याची. रहिवासाचा पुरावा, जन्माचा दाखला, पूर्वीच्या शाळेचा दाखला, लस टोचल्याची नोंद हे सारे कागद घरातील पेटीत जपून ठेवलेले असतील, असे शाळा गृहीत धरते. ज्या कुटुंबाला घरच नाही, त्याने ही पेटी कोठे ठेवावी?

अमेरिकेत १९८७ साली संमत झालेल्या आणि आज मॅकिनी-व्हेंटो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने या प्रश्नाला हात घातला. या कायद्याच्या दृष्टीने पदपथावर किंवा मोटारीत झोपणारे मूल तर बेघर आहेच. पण घर गमावल्यामुळे नातलगांच्या खोलीत दाटीवाटीने राहणारे मूलही बेघरच होय. अशा मुलाला कागदपत्रांवाचून तत्काळ प्रवेश द्यावा लागतो. प्रवेशाविषयी वाद उद्भवल्यास मूल आधी वर्गात बसते. वादाचा निकाल मागाहून लागतो.

याहूनही महत्त्वाची तरतूद जुन्या शाळेविषयी आहे. निवारा बदलला तरी, मुलाच्या हिताचे असेल तेथे, त्याला पूर्वीच्याच शाळेत शिकता येते आणि पालकांनी मागणी केल्यास जाण्यायेण्याची सोय करावी लागते. मूल एका स्थानिक शाळा-मंडळाच्या हद्दीत राहत असेल व दुसऱ्याच्या हद्दीत शिकत असेल, तर खर्चाची वाटणी दोन्ही मंडळांनी ठरवावी. एकमत न झाल्यास तो निम्मानिम्मा सोसावा. प्रत्येक मंडळात अशा मुलांचा शोध घेऊन त्यांना साह्य करणारा अधिकारी नेमणे २००१ च्या दुरुस्तीने बंधनकारक झाले. उणीव आहे ती पैशाची: कर्तव्य सर्व मंडळांवर आहे, अनुदान मात्र थोड्यांनाच मिळते.

या तरतुदींमागील विचार साधा आहे. ज्याचे बिऱ्हाड वारंवार हलते, त्याच्या आयुष्यात शाळा ही एकच स्थिर जागा उरते. तीही हलली, तर मुलाचे शिक्षक, सोबती व अर्धवट राहिलेला धडा हे सारेच एकदम हरपते.

भारतातील २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. वयाचा दाखला नाही म्हणून सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, शाळा सोडल्याचा दाखला उशिरा मिळाला हे कारण चालत नाही आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा प्रवेश ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. म्हणजे कागदांचा अडसर आपल्याकडेही कायद्याने दूर केला आहे. परंतु या कायद्याची मूळ कल्पना 'परिसरातील शाळा' ही आहे आणि परिसर ठरतो तो मुक्कामावरून. २०११ च्या जनगणनेत १७ लाखांहून अधिक माणसे बेघर म्हणून नोंदली गेली. त्यांच्या मुलांचा परिसर कोणता? पुलाखालची पथारी महापालिकेने आज उठवली, तर उद्या शाळा बदलावी काय?

मूल जेथे जाईल तेथे त्याला प्रवेश मिळावा, एवढे भारतीय कायदा सांगतो. ते जेथे शिकत होते तेथेच त्याला टिकवून धरणे, हे पुढचे पाऊल होय. त्यासाठी शाळेच्या हजेरीपटावरून नाव कमी करण्यापूर्वी मूल कोठे गेले याचा शोध घेणारा जबाबदार माणूस हवा, आणि त्याला परत आणणाऱ्या बसचे भाडे कोणी भरावयाचे हेही आधीच ठरलेले हवे.