चाल नसलेले गाणे

विद्यार्थिदशेतील एका अपराधाची कबुली देऊन आजच्या भाषणाला आरंभ करतो. वसतिगृहात माझ्या खोलीत राहणारा सोबती रोज संध्याकाळी एक कॅसेट लावीत असे. ती कोणाकडून तरी उतरवून घेतलेली, आणि ज्याने दिली त्यानेही ती उतरवूनच घेतलेली; त्यामुळे तीत शब्दांइतकीच खरखर होती. त्या कॅसेटमधले अमेरिकन तरुण गात नसत. ढोलाच्या ठोक्यावर ते केवळ बोलत असत, आणि तेही श्वास घेण्यास उसंत न मिळाल्यासारखे. मी त्या वेळी एम. ए.चा अभ्यास करीत होतो, मैफलींना जात होतो, व आपली अभिरुची चांगली घडलेली आहे अशी माझी प्रामाणिक समजूत होती. एके दिवशी मी उठून ते यंत्र बंद केले आणि म्हणालो, "अरे, याला चाल तरी कुठे आहे?" त्याने वर न पाहताच उत्तर दिले, "चाल नाहीच. मात्रा मोज."

मी मोजल्या नाहीत. पुढे खोल्या बदलल्या, तो विषय मागे पडला.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, शासकीय सेवेत भूसंपादनाचे काम माझ्याकडे असताना, एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी मला रॉबर्ट कॅरो यांचे १९७४ साली प्रसिद्ध झालेले एक जाडजूड चरित्र वाचावयास दिले. न्यूयॉर्क शहराचा कायापालट करणारे प्रशासक रॉबर्ट मोझेस यांचे ते चरित्र. त्यांनी ब्राँक्स या विभागातून नेलेल्या द्रुतगती मार्गातील केवळ एका मैलाची हकीकत तीत एका स्वतंत्र प्रकरणात आली आहे. त्या एका मैलासाठी १,५३० कुटुंबे आपल्या घरांतून उठवली गेली. जवळूनच जाणारा आणि फारच थोडी घरे पाडावी लागणारा दुसरा मार्ग रहिवाशांनी सुचवला होता. तो मान्य झाला नाही. आमच्या नकाशांवरही अशी तांबडी रेघ असते, आणि तिच्याखाली कोणाचे अंगण व कोणाची विहीर येते ते फायलीच्या शेवटी, परिशिष्टात असते. ते प्रकरण वाचल्यावर दुसऱ्या दिवशी कचेरीत मी परिशिष्टातील नावे प्रथमच एकेक करून वाचली, हे येथे सांगितले पाहिजे.

त्या ब्राँक्सचे पुढे काय झाले, हे पाहण्याची मला उत्सुकता लागली. रस्ता हे त्याच्या दुर्दशेचे एकमेव कारण नव्हते. कारखाने गेले, ज्यांना शक्य होते ते लोक गेले, आणि १९७० नंतरच्या दशकात दक्षिण ब्राँक्समध्ये आगींचे सत्र सुरू झाले. विम्याच्या पैशासाठी कित्येक घरमालकांनीच त्या लावविल्या होत्या. हा सारा इतिहास वाचता वाचता मी ११ ऑगस्ट १९७३ या तारखेपाशी आलो, आणि तेथे मला माझ्या सोबत्याची कॅसेट पुन्हा भेटली.

त्या दिवशी सेजविक ॲव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत, भाडेकरूंच्या सामायिक दालनात, सिंडी कॅम्पबेल या मुलीने नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला होता. शाळा सुरू होण्यापूर्वी नवे कपडे घेण्यासाठी तिला पैसे हवे होते. मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास. तबकड्या वाजवण्याचे काम तिच्या भावाकडे होते. जमेकाहून लहानपणी आलेल्या या अठरा वर्षांच्या क्लाइव्ह कॅम्पबेलला लोक कूल हर्क म्हणत.

या हर्कने एक गोष्ट हेरली. जेम्स ब्राउन यांच्यासारख्यांच्या तबकडीत मध्येच एक जागा येते. गाणारा थांबतो, इतर वाद्ये मिटतात, आणि केवळ ड्रम व त्याचे सोबती उरतात. तिला ब्रेक म्हणतात. नाचणारी मुले त्याच जागेची वाट पाहत. पण ती काही सेकंदांतच संपे. तेव्हा त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या शेजारी शेजारी ठेवल्या. एकीवरील ब्रेक संपत आला की दुसरीवरची सुई त्याच जागेच्या आरंभी टेकवावयाची, तोवर पहिली मागे फिरवावयाची. काही सेकंदांचे ते सुख असे मिनिटेच्या मिनिटे लांबले. नवे वाद्य घेण्याची ऐपत नसलेल्यांनी वाजवण्याच्या यंत्रालाच वाद्य केले, एवढाच याचा अर्थ.

पुढे ग्रँडमास्टर फ्लॅश या तरुणाने या कामात काटेकोरपणा आणला. तो तबकडीवर रंगीत खडूची खूण करून ती घड्याळाच्या काट्यासारखी वाचीत असे, व पुढची जागा श्रोत्यांच्या आधी स्वतःच्या कानाने तपासून घेत असे. थिओडोर नावाच्या एका मुलाने सुईखाली तबकडी पुढेमागे घासून जो आवाज काढला, तोही या कलेचा अलंकार झाला. म्हणजे माझ्या सोबत्याच्या कॅसेटमधील खरखरीपैकी काही मुद्दाम केलेली होती!

या ठोक्यांवर जो बोलतो तो एम. सी. आरंभी तो हजर असलेल्यांची नावे घेई, नाचणाऱ्यांना चेतवी. हळूहळू त्याचे यमकबद्ध चरण झाले. ते कसे ऐकावेत हे सांगतो. चार मात्रांचे आवर्तन धरा. दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर टाळीसारखा कोरडा आघात पडतो. आपला कान समेची वाट पाहणारा. येथे मात्र यमक बहुधा चौथ्या मात्रेवर, समेच्या उंबरठ्यावर येऊन बसते, आणि पुढचा चरण तेथूनच उडी घेतो. हे एकदा ध्यानात आले की चालीची उणीव भासत नाही. बोलणाऱ्याने एखादे अक्षर मुद्दाम मागे ठेवले, तर तेही ऐकू येते.

"हे तर आमच्याकडे पूर्वीपासून होतेच" असे म्हणण्याचा मोह अशा वेळी आपल्याला होतो. पोवाडा आठवतो, तमाशातील सवालजवाब आठवतात. आठवू द्यावेत, पण त्या मुलांना आपल्या शाहिरांची गरज नव्हती.

सगळेच मला आवडते असे नाही. १९७९ साली आलेली 'रॅपर्स डिलाइट' ही तबकडी जवळजवळ पंधरा मिनिटांची आहे, व तीतील आत्मस्तुतीने मी दहाव्या मिनिटाला थकतो. तिने हा प्रकार ब्राँक्सबाहेर सर्वत्र नेला हे खरे; पण तिची एक गंमत आहे. तीतील एका गायकाने ब्राँक्समधील ग्रँडमास्टर कॅझ याच्या वहीतील ओळी घेतल्या, आणि त्यांत कॅझने आपल्या नावाची जी अक्षरे गुंफली होती, तीही तशीच म्हणून टाकली. दुसऱ्याच्या अर्जाची नक्कल करताना मूळ अर्जदाराचे नाव तसेच राहून जावे, तसा हा प्रकार! कॅझला श्रेय मिळाले नाही.

१९८२ सालच्या 'द मेसेज'चे मात्र वेगळे आहे. तिच्यावर नाव फ्लॅश आणि त्याच्या मंडळींचे असले तरी तीत आवाज मुख्यतः मेली मेल व एड फ्लेचर या दोघांचे. मंडळी ती करावयास नाखूष होती. जलशाला आलेल्यांना घरचीच दुःखे कोण ऐकवणार? ठेका संथ, आणि त्यावर फुटक्या काचा, जिन्यातील दुर्गंधी, उंदीर, थकलेले हप्ते यांची जणू यादीच. मी ती प्रथम लक्षपूर्वक ऐकली तेव्हा मला माझी परिशिष्टे आठवली. तीत स्वतःची वाहवा नाही, दयेची याचनाही नाही. जे ज्या क्रमाने दिसते ते त्या क्रमाने सांगितले आहे, आणि आवाज मधूनच असा दबतो की, बोलणारा स्वतःला आवरून धरीत आहे हे कळते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २००२ साली जतन करावयाच्या ध्वनिमुद्रणांची जी पहिली यादी केली, तीत ही तबकडी आहे.

सेजविक ॲव्हेन्यूवरील ती इमारत अजून उभी आहे. भाडी आवाक्याबाहेर जातील या भीतीने २००७ साली तेथील भाडेकरू झगडत होते, तेव्हा त्यांनी १९७३ च्या त्या कार्यक्रमाचा आधार घेतला. आणि इमारत ऐतिहासिक नोंदीस पात्र आहे असे न्यूयॉर्क राज्याच्या अधिकाऱ्यांनी मान्य केले. एका शाळकरी मुलीच्या कपड्यांची वर्गणी अशी सरकारी दप्तरात दाखल झाली.

गेल्या वर्षी मी त्या सोबत्याचा ठावठिकाणा काढून त्याला दूरध्वनी केला. मात्रा मोजल्याचे सांगितले. तो पुष्कळ वेळ हसला. ती कॅसेट त्याच्याकडे आता नाही. वसतिगृह सोडताना ती माझ्याच पेटीत राहिली असावी, असे त्याचे म्हणणे आहे.