हशाकडून गाण्याकडे

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



मराठी शाळांच्या स्नेहसंमेलनांत ‘नटरंग’ चित्रपटातील एखाद्या गाण्यावरचे नृत्य आता ठरलेलेच असते. ढोलकीवर थाप पडली की सिव्हिल लाइन्समधील या आवारातही मागच्या रांगेतले आजोबा सावरून बसतात. नाचणाऱ्या मुलींना संगीतकार अजय-अतुल ठाऊक असतात. पडद्यावर नाचलेल्या अभिनेत्रीचे नाव तर तोंडपाठ असते. पण गाण्याचे शब्द कोणाचे, असे विचारले की शांतता पसरते. यात मुलींचा दोष नाही. पूर्वीचा शाहीर आपले नाव लावणीच्या शेवटच्या कडव्यात गुंफून ठेवीत असे. सोलापूरचे राम जोशी ‘कविराय’ ही मुद्रा वापरीत. पठ्ठे बापूरावांनीही आपले नाव असेच कवनात राखले. आजच्या गीतकाराला ती सोय राहिलेली नाही. त्याचे नाव श्रेयनामावलीत झरकन निघून जाते.

‘नटरंग’मधील गाण्यांचे गीतकार गुरू ठाकूर. आजचा विषय त्यांच्या गाण्यांइतकाच त्या गाण्यांपर्यंत ते ज्या वाटेने पोचले त्या वाटेचा आहे. ठाकूर यांची सुरुवात व्यंगचित्रांपासून झाली, तीही राजकीय व्यंगचित्रांपासून. पुढे ते दूरचित्रवाणीच्या विनोदी लेखनाकडे वळले. 2001 मध्ये सुरू झालेली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका इथल्या अनेक घरांनी पाहिली असेल. दिलीप प्रभावळकर यांच्या ‘अनुदिनी’ या लेखनावर ती आधारलेली होती, दिग्दर्शन केदार शिंदे यांचे होते आणि तिच्या लेखनात ठाकूर यांचा वाटा होता. आबा, त्यांचा मुलगा, सून आणि दोन नातवंडे, एवढेच ते घर. त्या घरात फारसे काही घडत नसे. हसू येई ते माणसांच्या बोलण्यातून. सासरा सुनेशी कसा बोलतो, नातू आजोबांना काय सांगतो आणि काय लपवतो, कोणता शब्द कोणाच्या तोंडी शोभतो, याची जाण नसलेल्या लेखकाला ती मालिका लिहिता आली नसती.

2004 मध्ये केदार शिंदे यांचा ‘अगं बाई अरेच्चा’ आला. बायकांच्या मनातले बोल ऐकू येऊ लागलेल्या पुरुषाची ती हास्यकथा. त्या चित्रपटासाठी ठाकूर यांनी गीतलेखन केले. त्यानंतर 1 जानेवारी 2010 रोजी रवी जाधव दिग्दर्शित ‘नटरंग’ प्रदर्शित झाला. आनंद यादव यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट पुढे सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाच्या राष्ट्रीय पुरस्काराचा मानकरी ठरला. यात ठाकूर यांनी गाणी तर लिहिलीच, शिवाय एक भूमिकाही केली. लिहिणारा माणूस स्वतः तमाशाच्या कथेत उभा राहिला. कथेचा नायक गुणा हाही असाच. पिळदार शरीराचा, वगाच्या वेडाने झपाटलेला हा शेतमजूर राजाची भूमिका करण्याचे स्वप्न पाहतो. पण फड उभा राहायचा तर नाच्या हवा आणि नाच्या व्हायला कोणी तयार नाही, म्हणून तो स्वतःच नाच्या होतो. त्याची किंमत त्याला घरात, गावात आणि स्वतःच्या देहावर मोजावी लागते.

विनोदी संवाद लिहिणाऱ्या माणसाला गवळण आणि लावणी कशी लिहिता आली? हा प्रश्न पडतो, कारण आपण विनोद आणि गाणे यांची दोन खाती करून ठेवली आहेत. तमाशाने तशी ती कधी केली नव्हती. तमाशाचा क्रम पाहावा. आधी गण, म्हणजे गणेशाचे आवाहन. मग गवळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, त्यांची वाट अडवणारा कृष्ण, त्याचा सवंगडी पेंद्या आणि पुरुषाने साकारलेली मावशी. गवळणीत भक्ती आहे, पण मावशी आणि पेंद्या यांच्या बोलण्यातून ती पदोपदी थट्टेत उतरते. मग बतावणी. सोंगाड्या आणि त्याचा जोडीदार यांच्यातली ही सवालजवाबाची, शब्दांच्या कोट्यांची, गावच्या पाटलापासून देशाच्या पुढाऱ्यापर्यंत कोणालाही न सोडणारी जुगलबंदी. लावण्या आणि शेवटी वग. ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झांज हा संच गाण्याला साथ देतो आणि सोंगाड्याच्या विनोदालाही. विनोदाचा शेवटचा शब्द पडतो त्याच क्षणी ढोलकीची थाप येते. ती अर्ध्या मात्रेने चुकली तर हशाही चुकतो.

म्हणून बतावणी लिहू शकणाऱ्याचा कान हाच लावणी लिहिणाऱ्याचा कान असतो. चित्रपटात बहुधा चाल आधी तयार होते आणि शब्द नंतर बसवले जातात. त्या वेळी अक्षरे मोजून भागत नाही. ओळीचा भार नेमका कोणत्या शब्दावर पडतो, श्वास कुठे सुटतो, बोलणारी स्त्री लटक्या रागात आहे की खऱ्या, हे ओळखावे लागते. विनोदी मालिकेचा लेखक हेच काम दर आठवड्याला करीत असतो. ‘खेळ मांडला’सारखे आर्त गाणे त्याच लेखणीतून उतरले याचेही नवल वाटू नये. संत एकनाथांनी विंचवासारख्या विषयावरची भारुडे रचली. आधी श्रोत्यांना हसवले आणि हसता हसता ते कोठे येऊन पोचले हे त्यांना उशिरा उमगू दिले. साडेचारशे वर्षांपूर्वीची ही रीत आहे.

ठाकूर विनोदाकडून लोकगीताच्या वळणाकडे गेले. त्यांचे सहकारी केदार शिंदे यांच्याबाबतीत मात्र ‘परत आले’ असे म्हणणे अधिक योग्य होईल. शिंदे हे शाहीर साबळे यांच्या कन्येचे चिरंजीव. आजोबांच्या ‘महाराष्ट्राची लोकधारा’ या कार्यक्रमात ते तरुणपणी नाचले; भरत जाधव आणि अंकुश चौधरी हेही त्याच ताफ्यातले. तेथून ते नाटक, मालिका आणि चित्रपट अशा हास्याच्या बाजारपेठेत गेले. ‘सही रे सही’ या त्यांच्या नाटकाने 2002 पासून रंगभूमीवर किती गर्दी खेचली हे सांगायला नको. आणि मग 2023 च्या एप्रिलमध्ये त्यांनी ‘महाराष्ट्र शाहीर’ हा आजोबांच्या जीवनावरचा चित्रपट पडद्यावर आणला. साबळे झाले अंकुश चौधरी, संगीत अजय-अतुल यांचे, आणि गीतकारांत पुन्हा गुरू ठाकूर. लोकधारेत पायात चाळ बांधणारी मुले वीस-पंचवीस वर्षे लोकांना हसवून पुन्हा त्याच डफाजवळ आली.

आता साबळ्यांविषयी थोडे सविस्तर, कारण या सर्वांचे मूळ तेथे आहे. कृष्णराव साबळे यांचा जन्म 3 सप्टेंबर 1923 चा, वाईजवळच्या पसरणी गावचा. शिक्षणासाठी ते अमळनेरला आजोळी राहिले आणि तेथे त्यांना साने गुरुजींचा सहवास लाभला. शाळा लवकर सुटली, गाणे सुटले नाही. नागपूरच्या राजा बढे यांनी लिहिलेले आणि श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’ आज राज्यगीत आहे. ते लोकांच्या मनात आहे ते साबळ्यांच्या खड्या आवाजात. पण ज्या वर्षी महाराष्ट्र राज्य झाले त्याच 1960 मध्ये हा शाहीर ‘यमराज्यात एक रात्र’ नावाचे हसते-खेळते मुक्तनाट्यही रंगभूमीवर आणत होता, हे फारसे आठवले जात नाही. त्या मुक्तनाट्यातले राजा मयेकर पुढे मुंबई दूरदर्शनच्या ‘गप्पागोष्टी’तून घराघरांत पोचले. म्हणजे दूरचित्रवाणीच्या मराठी विनोदाचा एक झरा लोकरंगभूमीतूनच वाहत आलेला आहे.

आणखी एक गोष्ट विशेषतः इथे बसलेल्या मातांसाठी. साबळ्यांच्या पत्नी भानुमती स्वतः कवयित्री होत्या. साबळ्यांनी गायलेल्या कित्येक गीतांचे शब्द त्यांचे होते. टाळ्या शाहिरांना मिळाल्या. शब्द लिहिणाऱ्याचे नाव मागे राहते असे सुरुवातीला म्हटले; ते स्त्रीचे असेल तर आणखी दोन पावले मागे राहते. ‘महाराष्ट्र शाहीर’ने भानुमतींना कथेत ठळक जागा दिली, हे त्या चित्रपटाचे मोठे देणे मानावे लागेल.

हे सारे मुंबई-पुण्याकडचे झाले. जबलपूरच्या मराठी शाळेने त्याची दखल का घ्यावी? याचे एक उत्तर या शहरातच आहे. हरिशंकर परसाई याच शहरात राहून लिहीत राहिले. त्यांच्या एका गाजलेल्या व्यंगसदराचे नाव होते ‘सुनो भाई साधो’. वर्तमानपत्राच्या वाचकाला हसवायला बसलेल्या लेखकाने हाक मारली ती कबिराच्या पदांतली. बुंदेली राई नृत्यातही मृदंग आणि नगडियाच्या ठेक्यावर नाच चाललेला असताना मध्येच स्वांग येते, खेळकर, बोचरे, गावातल्या माणसांची नक्कल करणारे. ती त्यांची बतावणीच. संक्रांतीला ग्वारीघाटाकडे बंबुलिया गात जाणाऱ्या बायकांचे सूर इथल्या मराठी घरांनीही पिढ्यान्‌पिढ्या ऐकले आहेत. शेजाऱ्याचे लोकगीत कानावर पडलेल्या मुलाला आपलेही अधिक चांगले कळते.

दुसरे उत्तर थोडे अवघड आहे. हिंदी मुलखात वाढणारे मराठी मूल मराठी गाणे कानाने उचलते. अर्थ अर्धा कळला तरी चाल त्याला पार नेते. ‘नटरंग’ची लावणी ते हावभावांसह बिनचूक सादर करते. पण त्याच मुलासमोर बतावणीची दहा वाक्ये वाचली तर ते हसत नाही. वडीलधारी हसतात आणि ते त्यांच्या तोंडाकडे पाहत राहते. एखादी भाषा वाचता येणे, बोलता येणे आणि त्या भाषेत हसता येणे या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि तिसरी सर्वांत उंच. कोटी कळायला शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच क्षणी मनात हजर असावे लागतात. टोमणा कळायला ते नाते ठाऊक असावे लागते. ‘काय मावशी’ हे शब्द कोणत्या सुरात म्हटले की आदर आणि कोणत्या सुरात थट्टा, हे व्याकरणाच्या पुस्तकात सापडत नाही. गुरू ठाकूर आधी हशा शिकले आणि मग गाण्याकडे गेले. इथल्या मुलांचे उलटे होते आहे: गाणे हाती आले, हशा हरवला. आणि घरातून भाषा जाऊ लागते तेव्हा बहुधा थट्टाच आधी हिंदीत जाते. सणाला मराठी, रागावताना मराठी, पण गंमत हिंदीत, असे चित्र ज्या घरात आहे त्या घराने जरा थांबून विचार करावा.

त्याचबरोबर इथल्या मराठीची लाजही बाळगू नये. ‘मी जाऊन राहिलो आहे’ असे म्हणणाऱ्या मुलाला पुण्याचा चुलतभाऊ हसतो. नागपूर-वऱ्हाडकडेही असेच बोलतात. ती चूक नव्हे, ते एका मुलखाचे वळण आहे. सोंगाड्याचे सारे भांडवल अशा वळणांतच असते. प्रमाण मराठीत लिहिलेली बतावणी कधी रंगली आहे काय? निबंध प्रमाण भाषेत लिहावा, उत्तरपत्रिकाही. पण जबलपूरच्या मुलाने लिहिलेल्या बतावणीत सदरचा बाजार, ग्वारीघाटाची गर्दी आणि ‘करून राहिला’ हे सगळे आलेच पाहिजे.

या महोत्सवी वर्षात नववीच्या विद्यार्थ्यांकडून गण, गवळण आणि बतावणी अशी छोटी संहिता लिहून घेऊन ती त्यांच्याकडूनच सादर करवण्याचा शाळेचा विचार आहे. नृत्य बसवणे सोपे असते, ध्वनिफीत लावली की झाले. ही संहिता मात्र मुलांना ऐकलेल्या बोलण्यातूनच उभी करावी लागेल. त्यासाठी माजी विद्यार्थी आणि पालक यांच्याकडे एक मागणे आहे. घरातल्या थोरामोठ्यांना आठवत असतील ते उखाणे, जात्यावरच्या ओव्या, भोंडल्याची किंवा भुलाबाईची गाणी, म्हणी, कोडी, एकमेकांना दिलेली टोपणनावे, जे असेल ते वहीत उतरवून अथवा मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून शाळेकडे पोचवावे. गाणे कोणी म्हणत असे, ते घराणे कोणत्या गावाहून जबलपूरला आले, हे सोबत लिहावे. आणि म्हणताना बायका कोणत्या ओळीवर हसत असत, तेही आठवून लिहावे.